उसन्या चालींची गाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'तीन पैशाचा तमाशा' १९७८ मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा मी कॉलेजात होतो. पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीचं नाटक, पु. ल. देशपांडे यांचं रूपांतर आणि जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन. शेजारी माझे मामा बसले होते, नावात तमाशा आहे म्हणून लावणीच्या ओढीनं आलेले. अंकुशच्या भूमिकेत नंदू भेंडे, म्हणजे मुंबईत रॉक गाणारा माणूस. मध्यंतरात मामा म्हणाले, "भानगड काय आहे ती कळत नाही रे, पण चोर गातोय झकास!"

बरोबर अडीचशे वर्षांपूर्वी लंडनच्या प्रेक्षकांनीही असंच काहीतरी म्हटलं असणार. २९ जानेवारी १७२८ रोजी जॉन गे याचं 'द बेगर्स ऑपेरा' तिथे सुरू झालं. लंडनचे धनिक तेव्हा इटालियन ऑपेरावर फिदा होते. राजे, देव, सेनापती आणि न कळणारी भाषा! गेनं तोच थाट उचलला आणि त्यात दरोडेखोर, चोरीचा माल घेणारे, तुरुंगाचे अधिकारी आणून बसवले. पदं ६९, पण चाली बहुतेक सगळ्या उसन्या, रस्त्यावर गायल्या जाणाऱ्या. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर 'चाल' छापलेली असे, तशी इथेही मूळ गाण्याची नावं छापलेली होती. चाल ओळखीची असली की शब्द चटकन तोंडात बसतात आणि टोमणा लागतो तो शब्दांच्या आधी. हँडेलच्या 'रिनाल्डो' ऑपेरात सैन्य ज्या सुरांवर ऐटीत कूच करतं, त्याच सुरांवर गेचे दरोडेखोर वाटमारीला निघतात. ही टोपी कोणाला बसते, हे प्रेक्षकांनी लगेच ओळखलं. पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल आणि त्यांचा दरबार!

नाटक तुफान चाललं. मग गेनं 'पॉली' नावाचा उत्तरार्ध लिहिला. डिसेंबर १७२८ मध्ये, तालमी सुरू होण्याआधीच त्यावर बंदी आली. इथे गेनं जे केलं त्याचं मला जास्त कौतुक वाटतं. रंगमंच मिळत नाही ना? मग त्यानं वर्गणीदार गोळा केले आणि १७२९ मध्ये पुस्तक स्वतःच्या खर्चानं छापून घेतलं. क्वीन्सबरीच्या डचेसनं राजवाड्यातच वर्गणी मागितली आणि त्यापायी तिला दरबार बंद झाला. गेला मात्र न झालेल्या नाटकातून चांगला पैसा मिळाला. सरकारही धडा शिकलं म्हणायचं. १७३७ च्या कायद्यानं प्रत्येक नवं नाटक आधी तपासून घ्यायची सक्ती केली आणि ती १९६८ पर्यंत टिकली.

दोनशे वर्षांनी हे नाटक बर्लिनला पोचलं. एलिझाबेथ हाउप्टमान हिनं ते जर्मनमध्ये आणलं, त्यावर बेर्टोल्ट ब्रेख्तनं आपला संसार मांडला. (श्रेय कोणाला किती मिळालं, हा वेगळा विषय. बाईंना कमीच मिळालं.) ऑगस्ट १९२८ मध्ये 'थ्री पेनी ऑपेरा' रंगमंचावर आलं. कुर्ट वाइल यानं चाली नव्या बांधल्या, जुनी चाल एकच ठेवली. पण गायकनट घेतले ते कॅबरेतले. आपल्याकडे कॅबरे म्हटलं की हिंदी सिनेमातला नाच डोळ्यांपुढे येतो. जर्मनीतलं कॅबरे म्हणजे छोटा रंगमंच, एक पियानो आणि राज्यकर्त्यांची खिल्ली.

सुरुवातीचं गाणं होतं रस्त्यावर चित्रं दाखवत खुनाच्या कहाण्या सांगणाऱ्या गायकाचं, आपल्या चित्रकथीची आठवण व्हावी असं. ते गायचा कुर्ट गेरॉन. पुढे १९३३ मध्ये हिटलर आला. ब्रेख्त आणि वाइल देश सोडून गेले. गेरॉनही गेला, पण नाझी हॉलंडपर्यंत पोचले. तेरेझिएनश्टाटच्या बंदिवासात त्याला कैद्यांसाठी कॅबरे चालवावं लागलं, छावणी किती सुखाची आहे हे दाखवणारा खोटा चित्रपटही करावा लागला. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्याला ऑशविट्झला नेऊन मारलं. 'तीन पैशाचा तमाशा'ची गाणी मी वर्षानुवर्षं गुणगुणलो, हे मात्र फार उशिरा वाचलं. तेव्हापासून ती तितक्या सहज तोंडात येत नाहीत.

आणि इंग्लंडात? तिथे आता गाण्याच्या वाटेत सेन्सॉरपेक्षा लंडनच्या बड्या रेकॉर्ड कंपन्या होत्या. त्यांच्या पसंतीशिवाय तबकडी निघायची नाही. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या पंक बँडमधल्या पोरांनी ती वाटच सोडली. पाचशे पौंड उसने घेतले, त्यांतले अडीचशे पीट शेलीच्या वडिलांचे. डिसेंबर १९७६ मध्ये एका दिवसात चार गाणी ध्वनिमुद्रित केली, झटपट फोटो निघणाऱ्या कॅमेऱ्यानं वेष्टनाचं चित्र काढलं आणि 'स्पायरल स्क्रॅच'च्या हजार प्रती काढल्या. तारीख २९ जानेवारी १९७७. गेच्या नाटकाचीच तारीख, योगायोगानं! त्यातलं 'बोरडम' हे गाणं खुद्द पंकचीच थट्टा करतं. रॉकमध्ये गिटारवाले दहा-दहा मिनिटं बोटांची कसरत दाखवत, तिथे शेली दोनच स्वर पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. मामांना ते ऐकवायला हवं होतं.

वेष्टनावर प्रत्येक गाणं कितव्या प्रयत्नात साधलं, ते छापलेलं आहे. हजार प्रती भराभर संपल्या, पुढे खप सोळा हजारांवर गेला आणि शेलीच्या वडिलांचे पैसे परत मिळाले.