क्रियापदाची निवड आणि तोक्योतील एक कोश

इंग्रजीत चुकीला ‘मेक’, गृहपाठाला ‘डू’, छायाचित्राला ‘टेक’ आणि लक्ष देण्याला ‘पे’ हीच क्रियापदे लागतात. ती तशी का, याचे उत्तर व्याकरणाच्या सूत्रात नसून केवळ रूढीच्या अमलात आहे. ती मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यास या अमलाची जाणीव सहसा नसते, आणि म्हणूनच इंग्रजांनी इंग्रजांसाठी रचलेल्या कोशांत या बाबीस दीर्घकाळ गौण स्थान मिळाले. क्रियापदास लहानसे अव्यय जोडताच त्याचा अर्थ पालटतो व परकीयांची मोठी अडचण येथेच होते, असे डॉ. जॉन्सन यांनी आपल्या १७५५ च्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत नमूद केले होते खरे. परंतु अशा अडचणींचा पद्धतशीर परिहार करण्याचा मोठा प्रयत्न विसाव्या शतकात झाला, आणि तोही लंडनमध्ये नव्हे, तर तोक्योत.

१९२२ साली इंग्रज भाषातज्ज्ञ हॅरल्ड पामर जपानच्या शिक्षण खात्याचे भाषाविषयक सल्लागार म्हणून तेथे गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली इंग्रजी अध्यापनाची संशोधनसंस्था स्थापन झाली. शब्दार्थ मुखोद्गत असूनही विद्यार्थी वाक्य रचताना अडखळतो, कारण नामाची सोयरीक कोणत्या क्रियापदाशी ठरलेली आहे हे त्यास ठाऊक नसते. हे जाणून पामर यांनी, १९२४ साली ओइता येथे अध्यापनासाठी आलेल्या ए. एस. हॉर्नबी यांच्या साहाय्याने, रूढ शब्दबंधांचा संग्रह करविला, व त्याचा अहवाल १९३३ साली प्रसिद्ध झाला.

१९३६ साली पामर स्वदेशी परतल्यावर हॉर्नबी यांनी गेटनबी व वेकफील्ड या सहकाऱ्यांसह इंग्रजी शिकणाऱ्या परकीयांसाठीच्या कोशाचे कार्य सिद्धीस नेले. क्रियापदांच्या वाक्यरचनेचे २५ नमुने निश्चित करून, कोणते क्रियापद कोणत्या नमुन्यात चालते, हे त्यांनी नोंदींतून दर्शविले. जपान व ब्रिटन परस्परांशी युद्ध करीत असताना, १९४२ साली, तोक्योच्याच कैताकुशा या प्रकाशनसंस्थेने तो ग्रंथ छापला; १९४८ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने तो नव्या नावाने काढला, आणि पुढे त्याच्या आवृत्त्या भारतातील शाळा-महाविद्यालयांतही पोचल्या.

मराठीतही आपण निर्णय घेतो, परंतु निकाल देतो; शपथ घेतो, परंतु वचन देतो, आणि त्यामागील कारण कोणास विचारीत नाही. तेव्हा इंग्रजी शिकणाऱ्याने नवे नाम टिपताना त्याचे रूढ क्रियापदही त्याच ओळीत टिपून ठेवावे. तर्काने ते शोधू जाणे व्यर्थ होय.