बापाचा देव, लेकाचा प्रश्न

गेवराई तालुक्यातल्या उमापुरातून बोलतोय. आमच्याकडं हरिपाठ सुरू झाला की लेकरं आपोआप हात जोडतात. पण लेकरानं ‘का?’ विचारलं तर?

बाबासाहेबांनी विचारलं होतं. वडील रामजी सकपाळ कबीरपंथी. मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावायचे. शूद्रांना हिणवणारे ग्रंथ आम्ही का वाचायचे, असा लेकाचा सवाल. आधी वडील रागावले. मग म्हणाले, द्रोण, कर्ण बघ, साधी माणसं केवढी मोठी झाली! तुमचा न्यूनगंड जावा म्हणून वाचा. लेकाला पटलं नाही. पुढं केळुसकर गुरुजींनी बुद्धचरित्र भेट दिलं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली.

वडिलांचा देव मागं राहिला, त्यांनी लावलेली वाचनाची सवय जन्मभर टिकली.