हजेरीचे पुस्तक आणि पोलिसांचे टिपण

वारणा नदी आमच्याकडे फार काळ सरहद्द होती. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची वाटणी झाली ती याच पाण्यावर. पुढे १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले. तेव्हापासून उत्तरेकडे, शिराळा-वाळव्याच्या अंगाला, इंग्रजी अंमल आणि दक्षिणेकडे कोल्हापूर संस्थान अशी स्थिती राहिली. मी वारणानगरला इतिहास शिकवतो. तहाचे साल, कलमे, दोन्ही छत्रपतींची नावे मुलांकडून पाठ करून घेतो. पण या नदीच्या दोन काठांवर माणसांवर पाळत ठेवण्याच्या दोन वेगळ्या रीती होत्या, हे मला कुठल्या ग्रंथातून प्रथम कळले नाही. ते घरात कळले.

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. माझ्या आजाचा बाप येसकर होता. रात्री वेशीवर जागायचे, नवखा माणूस गावात शिरला की चावडीवर खबर द्यायची, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे पळायचे, मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात गावे पालथी घालायची, हे त्याचे काम. गावात कोण आले, कोण गेले, कुणाच्या घरी रात्री कंदील जास्त वेळ जळला, हे पाटलाच्या आधी त्याला ठाऊक असे. आणि याच माणसाला पोलीस पाटलापुढे उभे राहून हजेरीही द्यावी लागे! ज्याच्या भरवशावर गाव झोपायचे त्याचीच मोजदाद व्हायची, का तर जात महाराची. आजा हे सांगताना हसायचा. त्या हसण्याचा अर्थ मला एम. ए. झाल्यावरही नीट लागला नव्हता.

१९१८ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. महार वतनाच्या वेठीतून माणसे मोकळी करण्याचा कायदाही त्याच सालचा. नदीच्या पलीकडे मात्र दुसरा न्याय होता. गुन्हेगार जमातींचा कायदा प्रथम १८७१ साली उत्तर हिंदुस्थानसाठी झाला, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू करता आला आणि १९२४ साली तो पुन्हा एकत्रित करून पक्का झाला. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ साली रद्द झाला, साऱ्या देशात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणजे नावेने नदी ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतरावर माणसाच्या मोकळेपणात तीस वर्षांचा फरक पडत होता. अण्णा भाऊ साठे यांचे वाटेगाव त्या पलीकडच्या मुलखातले. हजेरीचा जाच साहित्यात आला तो ‘फकिरा’तून, १९५९ साली. आमच्या इतिहासकारांनी त्याची दखल घ्यायला आणखी किती वर्षे लावली ते सांगत बसत नाही.

हेरगिरीचा विषय निघाला की आपल्याकडे अभिमानाने दोन-चार नावे घेतली जातात. बहिर्जी नाईक हे पहिले. सभासदाच्या बखरीत त्याचे नाव बहिर्जी जाधव असे येते. रामोशी समाज त्याला आपला मानतो. दुसरे नाव आमच्याच तालुक्यातले. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटले, तेव्हा महाराजांचे सोंग घेऊन शत्रूच्या हाती सापडलेला शिवा काशीद जातीने नाभिक. वेषांतर, बातमी, मरण ही कामे बहुजनांच्या वाट्याला आली, आणि बातमी वाचून निर्णय घेण्याची कामे वर राहिली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही कुबडे, बुटके, मुके, आंधळे, नट, नर्तक यांना हेरगिरीला जुंपण्याची योजना आहे. जो कुणाच्या नजरेत भरत नाही, ज्याला माणसात धरत नाहीत, त्याच्यासमोर लोक मोकळे बोलतात. अस्पृश्याच्या कानांचा उपयोग राज्यसंस्थेला फार जुन्या काळापासून माहीत होता. त्याचे तोंड तेवढे तिला नको होते.

उमाजी नाईकाचे प्रकरण या दृष्टीने बारकाईने पाहिले पाहिजे. रामोशांची किल्ल्यांवरची आणि गावची राखणीची कामे कंपनी सरकारने काढून घेतली. राखणदार बंडखोर झाला. इंग्रजांनी त्याच्यावर इनाम लावले, त्याचे साथीदार फोडले. फितुरीने तो पकडला गेला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी गेला. त्याच्या पाठलागावर असलेला कॅप्टन मॅकिन्टॉश याने १८३३ साली रामोशांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. कैदेतल्या उमाजीशी तो बोलला होता. आज उमाजीवर लिहायला बसणाऱ्या कुणालाही मॅकिन्टॉश टाळता येत नाही. ज्याने दोर आवळला त्याच्याच हातात त्या माणसाचे शेवटचे शब्द राहिले.

हीच गोष्ट पुढे बाबासाहेबांच्या चळवळीबाबत घडली. १८८७ साली हिंदुस्थान सरकारने राजकीय बातम्या गोळा करण्यासाठी मध्यवर्ती खास शाखा काढली आणि प्रांतोप्रांती तशा शाखा झाल्या. १९०२-०३ च्या पोलीस आयोगानंतर सी. आय. डी. खाती उभी राहिली. जिल्ह्याजिल्ह्यांतून सभांच्या बातम्या वर जात, त्यांचा सारांश काढला जाई आणि तो ‘गुप्त’ असा शिक्का घेऊन मोजक्या अधिकाऱ्यांपुढे ठेवला जाई. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली डॉ. आंबेडकर आणि अस्पृश्यांची चळवळ यांविषयीच्या साधनांचा पहिला खंड इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्यात वर्तमानपत्रांच्या उताऱ्यांच्या बरोबरीने हे पोलिसी सारांश आहेत. ग्रंथालयात तो खंड प्रथम उघडला तेव्हा मला आनंदच झाला. तारीख, गाव, जमाव किती, अध्यक्ष कोण, कोण काय बोलले, सारे ओळीने! नंतर लक्षात आले की हे आपल्या बापजाद्यांचे हजेरीचे पुस्तकच आहे. फक्त आता ते इंग्रजीत आणि चांगल्या कागदावर आहे.

मग मी एका माणसाचा विचार करू लागलो. महाडला १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद झाली, लोक चवदार तळ्यावर गेले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. त्या डिसेंबरात तर कुलाब्याचे कलेक्टर स्वतः परिषदेत येऊन बोलले. तो सत्तेचा उघडा चेहरा. पण चळवळीच्या गर्दीत वही घेऊन बसलेला तो दुसरा कोण? भाषणे मराठीत, अनेकदा गावच्या बोलीत. ती समजून टिपायला मराठी माणूसच पाहिजे. गोऱ्या साहेबाचे ते काम नव्हे. तो कुठल्या जातीचा होता? पगारी लघुलेखक होता की गावचाच कुणी? बाबासाहेबांचे भाषण ऐकताना त्याची पेन्सिल कधी थांबली असेल का? त्याचे नाव सारांशात येत नाही. आमची नावे मात्र ठसठशीत.

एका विद्यार्थ्याने मला वर्गात विचारले, “सर, तो आपल्यातलाच असंल तर?” मी त्याला उडवून लावले नाही. पोटासाठी चावडीवर खबर पोचवणाऱ्याचा मी पणतू आहे. वतनाच्या तुकड्यासाठी माणसाला जे करावे लागते त्याला गद्दारी म्हणण्याआधी ते वतन कुणी लादले ते पाहावे लागेल. बाबासाहेबांनी महार वतनावर १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणले ते उगाच नव्हे. पाटलाचा कान होऊन राहण्यातून सुटका, हाही त्या लढ्याचा एक भाग होता असे मी मानतो. ती कायद्याने झाली १९५९ साली.

या साधनांचे करायचे काय, हा प्रश्न माझ्यासारख्या शिक्षकापुढे रोजचा आहे. काही मित्र म्हणतात, पोलिसांचे कागद फेकून द्या. मला ते पटत नाही. पोलीस डोकी मोजतो ते बंदोबस्त किती लागेल यासाठी. आपले पत्र डोकी मोजते ते लोकांना हुरूप यावा म्हणून. दोन्ही आकडे समोर ठेवले तर खऱ्याच्या जवळ जाता येते. पण पोलिसाला जे धोक्याचे वाटत नाही ते त्याच्या वहीत येत नाही. सभेला पायी आलेल्यांनी भाकरी कशी बांधून आणली, परत गेल्यावर गावाने कुणाचे पाणी तोडले, कुणाचे काम बंद केले, हे कलम सारांशात नसते. महाडला बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले, लुगडे नेसण्याची जुनी रीत टाका असे सांगितले. सुव्यवस्थेच्या हिशेबात हे किरकोळ. आमच्या आज्या-पणज्यांच्या आयुष्यात ती उलथापालथ होती. त्यासाठी ‘बहिष्कृत भारत’चे अंक पाहावे लागतात आणि म्हाताऱ्या माणसांपाशी बसावे लागते.

हे सारे जुने झाले असे कुणी म्हणू नये. महाडच्या सत्याग्रहावर २०१६ साली इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिणारे आनंद तेलतुंबडे यांना एल्गार परिषद प्रकरणात राष्ट्रीय तपास संस्थेपुढे हजर व्हावे लागले, तो दिवस १४ एप्रिल २०२० चा, बाबासाहेबांच्या जयंतीचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला.

गेल्या वर्षी मी पदवीच्या मुलांना सांगितले, दोन्ही काठांवरच्या आपापल्या घरात हजेरीविषयी विचारा आणि लिहून आणा. अठ्ठावीस जणांपैकी सहा जणांनी आणले. पलीकडच्या काठावरच्या एका रामोशी मुलीने कोरी वही परत आणली. तिच्या पणजीने दोन तास सगळे सांगितले होते; बाप संध्याकाळी जेवण टाकून कसा पळायचा, पाहुण्याकडे मुक्कामाला जायला परवानगी कशी मागावी लागे, सगळे. पोरीने पेन काढले तशी म्हातारी गप्प झाली आणि म्हणाली, “वहीत नाव लिवू नगंस बाई आमचं.”

मुलीने मला ते तोंडी सांगितले. मी तिला पूर्ण गुण दिले.