जुन्या कॅसेटमधला कर्कश आवाज : झेडएक्स स्पेक्ट्रमची ओळख

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या इंदूरच्या घरी जुन्या कॅसेटचा खोका निघाला. एक कॅसेट लावली तर नुसती किरकिर. "खराब झालीय, टाकून देऊ," असे घरचे म्हणाले. मला मात्र तो आवाज ओळखीचा वाटला. १९८८ च्या सुट्टीत आमच्याकडे राहिलेल्या भाच्याने त्यावर आपला संगणकाचा प्रोग्रॅम साठवला होता. दुसऱ्या बाजूला आईच्या आवाजातल्या ओव्या निघाल्या. अशा कॅसेट इतर सभासदांकडेही असतील, म्हणून ही माहिती.

यंत्र

झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी ब्रिटनमध्ये बाजारात आणला. १६ केबी स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड आणि ४८ केबीची १७५ पौंड होती. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही ४८ केबीत मावत नाही. रबरी बटणांचे हे यंत्र घरच्या टीव्हीला आणि साध्या टेपरेकॉर्डरला जोडता येई. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय अॅमस्ट्रॅडने घेतला. त्याच वर्षी डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' भारतात आणला.

चालू करताच यंत्र बेसिक भाषेतल्या आज्ञेची वाट पाहत थांबे. त्यामुळे खेळ खेळणारी मुले हळूहळू प्रोग्रॅमही लिहू लागत.

खेळ

पडद्यावर २५६ × १९२ ठिपके. रंग मात्र प्रत्येक ठिपक्याला वेगळा नसे. पडद्याचे ७६८ चौकोन पाडलेले असत आणि एका चौकोनात दोनच रंग बसत. म्हणून खेळातला माणूस चालताना शेजारच्या वस्तूचा रंग त्याला लागे. एवढ्यातच मॅथ्यू स्मिथ याने १९८३ मध्ये 'मॅनिक मायनर' लिहिला. हवा संपण्यापूर्वी २० गुहा पार करायच्या, असा हा खेळ. भाचा तो खेळत असताना मागे बसून सूचना देणाऱ्यांत आमच्या आईचाही आवाज असे.

किरकिर म्हणजे काय?

कॅसेटवर माहिती आवाजाच्या रूपात साठवलेली असे. शून्यासाठी लहान ठोका, एकासाठी त्याच्या दुप्पट लांबीचा. सेकंदाला सुमारे १,५०० अंक वाचले जात, म्हणून मोठा खेळ चढायला पाचेक मिनिटे लागत. सुरुवातीचा सलग सूर यंत्राला सावध करण्यासाठी असे. पुढे १० अक्षरांपर्यंतचे नाव आणि मग प्रत्यक्ष माहिती. प्रत्येक भागाच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असे. बँकेत दिवसअखेर ताळा जुळला नाही तर आम्हाला घरी जाता येत नसे. इथेही ताळा चुकला की टेप वाचण्यात चूक झाल्याचा संदेश येई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

जतन कसे करावे?

- कॅसेट टाकण्यापूर्वी दोन्ही बाजू ऐकाव्यात. सलग सूर आणि मागोमाग खरखर ऐकू आली तर तो बहुधा प्रोग्रॅम असतो.
- प्लेअरचे हेड आधी स्वच्छ करावे. फीत चिकटत असेल तर जबरदस्तीने फिरवू नये.
- प्लेअरच्या हेडफोन सॉकेटमधून वायरने संगणकात रेकॉर्ड करावे. खरखर कमी करणारी डॉल्बीसारखी सोय बंद ठेवावी, कारण इथे खरखर हीच माहिती आहे.
- मूळ प्रत वेव्ह स्वरूपात ठेवावी, एमपीथ्रीमध्ये नको. आवाज फार मोठा झाला तर ठोके कापले जातात.
- मूळ यंत्र नसले तरी चालते. 'फ्यूज'सारखा मोफत एम्युलेटर आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमचे काम करतो.

आमची कॅसेट तिसऱ्या प्रयत्नात वाचली गेली. १ ते १०० मधला आकडा ओळखण्याचा छोटा खेळ निघाला. यंत्रात देवनागरी नव्हती, म्हणून भाच्याने प्रोग्रॅमला रोमन लिपीत नाव दिले होते : 'आजी'. दोन्ही बाजूंच्या फाइल्स त्याला पाठवल्या आहेत. आपल्या घरच्या कॅसेट भंगारात देण्यापूर्वी एकदा उलटून ऐकाव्यात, ही विनंती.