उत्तर भारतीय मंडळी : नागपुरात साकारलेले ख्रिस्ती ऐक्य

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा प्रॉटेस्टंट पंथांनी आपले स्वतंत्र अस्तित्व विसर्जित करून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' अर्थात उत्तर भारतीय मंडळीची स्थापना केली. अँग्लिकन, प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरांची संयुक्त मंडळी, ब्रिटिश मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट हे ते पंथ होत.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या मिशनांनी परस्परसंमतीने कार्यक्षेत्रे वाटून घेतली होती. अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशन, तर नागपुरात स्कॉटिश मिशन काम करीत असे. त्यामुळे एखादे कुटुंब कोणत्या पंथाचे, हे पुष्कळदा श्रद्धेपेक्षा गावावरून ठरे. युरोप-अमेरिकेतील इतिहासातून जन्मलेले भेद भारतीय ख्रिस्ती समाजाने का वागवावेत, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला. उत्तरेत १९२९ मध्ये लखनौ येथे ऐक्याची बोलणी सुरू झाली. दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे दक्षिण भारतीय मंडळी अस्तित्वात आली. उत्तरेची अंतिम योजना मात्र १९६५ साली सिद्ध झाली.

मतभेद आणि तोडगा : सर्वांत अवघड मुद्दा बाप्तिस्म्याचा होता. अँग्लिकन, मेथडिस्ट आदी पंथ तान्ह्या बालकांना बाप्तिस्मा देत. बॅप्टिस्ट, ब्रदरन व डिसायपल्स हे मात्र समज आलेल्या व्यक्तीने स्वतः विश्वास प्रकट केल्यावरच तो देत. एका पक्षाने माघार घ्यावी, असा आग्रह धरला गेला नाही. दोन्ही पद्धती समान मान्य करण्यात आल्या आणि बालकांचा बाप्तिस्मा ज्याच्या सद्सद्विवेकबुद्धीला पटत नाही अशा पाळकावर सक्ती करू नये, असे ठरले.

दुसरा प्रश्न बिशपपदाचा. अँग्लिकनांना प्रेषितांपासून चालत आलेली बिशपांची परंपरा महत्त्वाची वाटे. इतर अनेकांना ती अनावश्यक होती. नव्या मंडळीने बिशपपद स्वीकारले, परंतु ते घटनेच्या चौकटीत बांधले आणि त्याविषयीची कोणतीही एक उपपत्ती सभासदांवर लादली नाही. उद्घाटनप्रसंगी सर्व पंथांच्या प्रतिनिधींनी प्रार्थनेसह परस्परांच्या मस्तकी हात ठेवले. कोणाची दीक्षा खरी आणि कोणाची उणी, हा वाद निकालात न काढता तो ईश्वरावर सोपविण्याचा हा मार्ग होता.

मर्यादा : बोलण्यांत दीर्घकाळ सहभागी असलेली अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी १९७० मध्येच ऐन वेळी बाहेर पडली, १९८१ पासून ती 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' या स्वतंत्र नावाने कार्यरत आहे. विलीनीकरणानंतर मालमत्तेचे तंटेही उद्भवले. गुजरातेतील ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेला निर्णय उत्तर भारतीय मंडळीच्या विरोधात गेला. उपासनेत एक होणे आणि कायद्याच्या दृष्टीने एक होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

व्यापक संदर्भ : रोमन कॅथलिक पंथ या विलीनीकरणात नव्हता. तथापि, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्ती ऐक्याविषयी आज्ञापत्र काढून संवादाचे दार उघडले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक व लुथरन प्रतिनिधींनी विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या सिद्धान्तावर संयुक्त निवेदनही केले. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ऐक्यप्रार्थनेचा सप्ताह अनेक देशांत विविध पंथ एकत्र पाळतात.

आज मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर आदी धर्मप्रांतांतून उत्तर भारतीय मंडळीचे कार्य चालते. मतभेद पुरते मिटेपर्यंत न थांबता, त्यांच्यासह एकत्र नांदता येते, हाच नागपूरच्या प्रयोगाचा वारसा होय.