हात मोकळे ठेवणारा दोर : ताडापासून हिरड्यापर्यंत

१/
अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगड आणि रतनगडाच्या परिसरात, उन्हाळा लागला की बाळहिरड्याचा हंगाम येतो. हिरड्याचे फळ कोवळे असतानाच उतरवले तर त्याला औषधी बाजारात मोल असते. म्हणून महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांतील माणसे झाडावर चढतात. हातात आकडी, खांद्याला पिशवी. फळे असतात फांद्यांच्या शेंड्यांकडे. तिथे पोहोचल्यावर एक हात आकडीला लागतो, दुसरा फळाला. मग झाड कोणत्या हाताने धरायचे?

२/
या प्रश्नाचे उत्तर आज एका आखूड दोरात आहे. वृक्षांवर काम करणारे त्याला ‘पोझिशनिंग लॅन्यार्ड’ म्हणतात. कमरपट्ट्याच्या एका बाजूच्या कडीतून तो निघतो, खोडाला किंवा जाड फांदीला वेढा घालतो आणि दुसऱ्या बाजूच्या कडीत अडकतो. माणूस त्यावर मागे रेलतो, पाय खोडावर रोवतो आणि त्याचे दोन्ही हात कामासाठी सुटतात. या दोराची लांबी कमी-जास्त करणारा भाग म्हणजे ‘अॅडजस्टर’. ही जोडी आज कारखान्यांत तयार होते; पण तिच्यामागची कल्पना फार जुनी आहे आणि ती दख्खनला अपरिचित नव्हती.

३/
जुने पुरावे ताड-माडांपाशी सापडतात. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात नारळाच्या झाडाचे आणि त्यापासून निघणाऱ्या सुरेचे वर्णन आहे. ही सुर काढणारा गोव्यातील रेंदेर माडाच्या खोडाला खाचा पाडून त्यांच्या पायऱ्या करीत असे. कमरेला कोयता, सोबत रस साठवायचे दुदिणे, म्हणजे वाळवलेला पोकळ भोपळा. झाडालाच शिडी करणे ही एक रीत झाली. तिचा दोष उघड आहे : खाच पायाला आधार देते, धडाला देत नाही.

४/
दुसरी रीत दख्खनच्या पठारावरची. तेलंगणातील गौड समाजाचे ताडी उतरवणारे कारागीर ‘मोकू’ नावाचा दोर वापरतात. मोकू खोड आणि माणूस या दोघांभोवती एकच कडे तयार करतो. माणूस त्या कड्यात पाठ टेकून मागे रेलतो. त्याच्या वजनानेच दोर खोडावर घट्ट बसतो. वर सरकताना तो क्षणभर खोडाकडे झुकतो, दोर ढिला होतो, तो वर उडवतो आणि पुन्हा रेलतो. वजन टाकले की पकड, वजन काढले की सुटका. आजच्या लॅन्यार्डचे अर्धे यंत्रशास्त्र या हालचालीत आहे.

५/
उरलेले अर्धे मात्र त्यात नाही, आणि त्याचे कारण झाडाच्या रचनेत आहे. ताड, माड, शिंदी ही एकखोडी झाडे. आंबा किंवा वड जसा वर्षागणिक जाड होत जातो, तशी ती होत नाहीत. बुंध्यावरचा फुगवटा सोडला तर खोडाची जाडी शेंड्यापर्यंत फारशी बदलत नाही, आणि वाटेत फांदीही नसते. म्हणून खाली एकदा बांधलेले कडे वरपर्यंत चालते. ते मध्येच उघडावे लागत नाही आणि त्याची लांबीही फारशी बदलावी लागत नाही. अॅडजस्टरची गरजच तिथे निर्माण झाली नाही.

६/
आता दोराकडे पाहू. नगर जिल्ह्यासारख्या कोरडवाहू, विहिरींवर जगणाऱ्या मुलखात दोर हे शोभेचे साधन नव्हते. मोटेचा नाडा तुटला तर पाणी थांबे. विहीर खोदणारा दोरावरूनच खाली उतरे. हे दोर वळण्याचे काम बलुतेदारीत मांग समाजाकडे होते. अंबाडी, ताग, घायपात यांचा वाख काढायचा, त्याला पीळ द्यायचा, पेड एकमेकांत गुंफायचे. कासरा, दावे, चऱ्हाट, सोल, नाडा : प्रत्येक कामाला वेगळी जाडी, वेगळा पीळ, वेगळे नाव. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीची ही सारी व्यवस्था उभी आहे. ज्या हातांनी गावाचा भार तोलणारा दोर वळला, त्यांना त्याच गावाने वेशीबाहेर ठेवले होते.

७/
वाखाच्या दोराची एक खोड होती. तो आतून कुजतो. पावसात भिजलेला आणि तसाच गुंडाळून ठेवलेला दोर वरून धडधाकट दिसतो. पण पीळ उलगडून पाहिला तर आतले तंतू ठिसूळ झालेले असतात. म्हणून दोराची पारख डोळ्यांनी नव्हे, बोटांनी करावी लागे. पीळ उघडणे, वास घेणे, वाकवून पाहणे. आजही कोणत्याही दोराच्या तपासणीचे पहिले सूत्र हेच आहे : तो वाकवून, बोटांखालून, टोकापासून टोकापर्यंत नेणे.

८/
१८७८ हे वर्ष झाडावर चढणाऱ्यांच्या इतिहासात महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला आणि त्याच वर्षी भारतीय वन कायदाही झाला. पहिल्याने ताडी-शिंदीचा रस परवान्याखाली आणि करकक्षेत आणला. दुसऱ्याने राखीव जंगलातील झाड, फांदी आणि फळ यांच्यावर सरकारचा हक्क बसवला. चामडे कमावण्यासाठी लागणारा हिरडा तेव्हा मुंबई बंदरातून ब्रिटनला जात होता. थोडक्यात, झाड मोजले गेले, रस मोजला गेला, फळ तोलले गेले. झाडावर चढणारा माणूस आणि त्याचा दोर मात्र या हिशेबात कोठेच आले नाहीत.

९/
स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. ताडी आणि शिंदी उतरवण्याचा व्यवसाय आक्रसला. परवान्याची नीरा तेवढी उरली. यंत्र जुने झाले की संग्रहालयात जाते. अंगात मुरलेले कसब मात्र पुढच्या पिढीने हाती घेतले नाही तर माग न ठेवता नाहीसे होते. एकखोडी झाडावर दोराच्या आधाराने काम करण्याचे कसब मराठी मुलखात असे विरळ होत गेले.

१०/
आणि हिरडा? तो एकखोडी नाही. थोड्या उंचीवर त्याचे खोड फुटते, फांद्यांना फांद्या येतात. इथे बंद कडे निरुपयोगी आहे, कारण पहिल्याच फांदीपाशी ते अडते. ते सोडून फांदीच्या वर पुन्हा बांधावे लागेल. खाली जाड खोड, वर मनगटाएवढी फांदी. म्हणजे प्रत्येक वेळी लांबीही बदलावी लागेल. आणि हे सारे एका हाताने, कारण दुसऱ्या हाताने झाड धरलेले असते. फांद्यांच्या झाडाला हवा होता उघडणारा आणि एका हाताने आखूड होणारा दोर. तो सह्याद्रीत घडला नाही. तो आला गिर्यारोहणातून.

११/
१९३१ मध्ये ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी एक गाठ प्रसिद्ध केली. बारीक दोरीचे कडे जाड दोराभोवती काही वेढे देऊन गुंडाळायचे. वजन नसताना गाठ हाताने सरकते. वजन पडताच वेढे आवळतात आणि गाठ जागच्या जागी धरते. मोकूत हे काम दोर आणि खोड यांच्यातील घर्षणाने होत होते. प्रुसिकने ते दोर आणि दोर यांच्यात आणले. झाडाच्या जाडीशी असलेले बंधन तिथे सुटले. लॅन्यार्डवर अशी गाठ बसवली की तो हवा तेवढा आखूड करता येऊ लागला.

१२/
पुढच्या काही दशकांत आणखी दोन गोष्टी घडल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नायलॉनचा दोर आला. तो वाखाच्या दोरापेक्षा कितीतरी बळकट होता, ताणला जात होता आणि कुजत नव्हता. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ‘जुमार’ हे दोर पकडणारे धातूचे साधन तयार झाले. त्याच्या दोन जनकांपैकी अॅडॉल्फ युसी हे गरुडांच्या अभ्यासासाठी कड्यांवर दोराने वावरत असत. गाठीचे काम आता दातेरी कॅम करू लागला. आजचे यांत्रिक अॅडजस्टर याच कल्पनेच्या कुळातले आहेत.

१३/
हा इतिहास ध्यानात घेतला की लॅन्यार्डची निवड कोड्यात टाकत नाही. पहिला प्रश्न लांबीचा. ज्या खोडावर काम करायचे, त्याचा सर्वांत जाड घेर आणि रेलण्यापुरते अंतर, एवढी लांबी हवी. फार लांब दोराचे शेपूट फांद्यांत अडकते. दुसरा प्रश्न गाभ्याचा. काही दोरांच्या आत पोलादी तार असते. हातकरवतीचा निसटता घाव ती काही अंशी सोसते आणि ताठपणामुळे दोर खोडामागे सहज फेकता येतो. पण साखळी करवत तीही कापते, आणि विजेच्या तारांजवळ पोलाद जिवावर बेतते. खेड्यातील बांधावरच्या झाडातून वीजवाहिनी जात असेल, तर या दोन गुणदोषांपैकी कोणता वजनदार हे सांगायला नको. आणि तंतूंचा, तारेविना असलेला दोरही तिथे भरवशाचा नाही : ओल्या दोरातून वीज वाहू शकते. अशा ठिकाणी आधी वीज बंद करणे हाच उपाय.

१४/
तिसरा प्रश्न अॅडजस्टरचा. गाठ स्वस्त, हलकी आणि दुरुस्तीला सोपी. पण जबर भार पडल्यावर ती आवळून बसते, आणि घर्षणाच्या उष्णतेने दोरीचा पृष्ठभाग वितळून काचेसारखा गुळगुळीत झाला तर तिची पकड जाते. गाठीची दोरी मुख्य दोराहून बारीक आणि उष्णता सोसणारी हवी. यांत्रिक अॅडजस्टर भार असतानाही एका हाताने चालतो. पण तो ठरावीक जाडीच्या दोरासाठीच बनलेला असतो. जाडी चुकली तर एकतर तो सरकतो किंवा दोर अडवतो. दातेरी कॅमवर झटका बसला तर तो दोराचे आवरणच सोलू शकतो. चिखल, चीक आणि सालीचा भुसा हे दोघांचेही शत्रू.

१५/
चौथी गोष्ट निवडीची नाही, समजुतीची आहे. लॅन्यार्ड पडणाऱ्याला झेलण्यासाठी नसतो. तो मुळात पडू न देण्यासाठी असतो. म्हणून तो नेहमी ताणलेला हवा. अमेरिकी कामगार सुरक्षा नियमांत अशा साधनावर माणूस दोन फुटांहून अधिक पडता कामा नये, अशी मर्यादा आहे. ढिल्या दोरावर पडलेल्या माणसाच्या कमरेला बसणारा हिसका स्वतःच इजा करतो. आणि करवत हाती असेल तेव्हा लॅन्यार्ड एकटा पुरत नाही : वरून बांधलेला चढाईचा दोर आणि लॅन्यार्ड असे दोन स्वतंत्र आधार हवेत, म्हणजे एक चुकून कापला गेला तरी दुसरा उरतो. ‘ईएन ३५८’ हे युरोपीय मानक याच प्रकारच्या साधनांसाठी आहे. भारतात सुरक्षा पट्ट्यांसाठी ‘आयएस ३५२१’ आहे. खरेदी करताना साधनावर मानकाचा शिक्का शोधणे हे गाभा आणि अॅडजस्टर पाहण्याइतकेच आवश्यक.

१६/
राज्यसंस्था दोराकडे पाहू शकते, याचे उदाहरण शेजारीच आहे. जुलै २०२४ मध्ये तेलंगणा सरकारने ताडी उतरवणाऱ्या गौड कारागिरांना सुरक्षा साधनांचे संच देण्याची योजना सुरू केली. तिचे नाव ‘काटमय्या रक्षा कवचम्’. काटमय्या हे ताडी उतरवणाऱ्यांचे दैवत. ज्या समाजाने मोकू जपला, त्याच्याच हाती हार्नेस आणि नवे दोर आले. परंपरा आणि यंत्र यांत तिथे एकाची निवड करावी लागली नाही, कारण दोन्हींमागचे तत्त्व एकच होते.

१७/
महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने आदिवासी भागातील शेतमाल आणि वनोपजाच्या एकाधिकार खरेदीची वाट उघडली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी ग्रामस्थांकडे दिली. १८७८ मध्ये काढून घेतलेला हक्क कागदावर बराचसा परत आला. फळ कोणाचे, हा प्रश्न सव्वाशे वर्षांनी सुटू लागला. फळ उतरवणारा कशाच्या आधाराने उभा आहे, हा प्रश्न अजून अकोल्याच्या डोंगरात तसाच लोंबकळत आहे.

१८/
बाळहिरडा वाळून काळा पडतो, पोत्यात भरला जातो, काट्यावर चढतो. काटा किलो सांगतो. ती फळे शेंड्यावरून उतरवताना झाड कोणत्या हाताने धरले होते, हे काटा सांगत नाही. ते सांगण्याचे काम इतिहासाचे. आणि तो हात मोकळा करण्याचे काम काही हात लांबीच्या, नीट पारखलेल्या एका दोराचे.