रस्त्यावरचें पाणी

इतिहासाचीं साधनें म्हणजे बखरी, दप्तरें, ताम्रपट व शिलालेख, असें आपण महाविद्यालयांत शिकवितों, आणि तें योग्यच आहे. परंतु परदेशीं राहूं लागल्यापासून या यादींत आणखी एका साधनाची भर घालावी असें मला वाटूं लागलें आहे. तें साधन म्हणजे रस्त्याच्या कडेची फरसबंदी. ती वाचावयाची तर चाल अगदीं संथ हवी. आणि संथ चालावयास लावणारा कुत्र्यासारखा दुसरा गुरु नाहीं. लंडनच्या वायव्येस प्रिमरोझ हिल म्हणून एक टेकडी आहे. तिच्या आसपासच्या रस्त्यांतून आमचा मोत्या रोज सकाळीं मला हिंडवून आणतो. प्रत्येक खांबाशीं व प्रत्येक पायरीशीं तो थांबतो, म्हणून मलाही थांबणें प्राप्त होतें. तेथें जन्मलेल्या माणसाला या वस्तु सवयीमुळें दिसेनाशा झालेल्या असतात. परक्याच्या मनांत मात्र प्रत्येक वेळीं प्रश्न उठतो, ‘ही वस्तु येथें कां?’ इतिहासाचा आरंभ याच प्रश्नांत आहे.

घरापुढच्या फरशींत बसविलेल्या वाटोळ्या लोखंडी झांकणांचेंच पाहा ना. त्यांवर चक्रें, तारे, फुलें अशी नक्षी असते. हीं झांकणें म्हणजे एके काळचे कोळशाचे दरवाजे. कोळसेवाला झांकण उघडून पोतें थेट तळघरांत रिकामें करी. घरांत त्याचें काळें पाऊल पडत नसे. झांकण लहान, कारण त्यांतून चोर शिरूं नये. नक्षी उठावाची, कारण पावसांत पाय घसरूं नये. १९५२ च्या डिसेंबरांत धुराच्या दाट धुक्यानें हजारों लोकांचे प्राण घेतले, १९५६ त हवा स्वच्छ राखण्याचा कायदा झाला, आणि पुढें घरोघरच्या कोळशाच्या शेगड्या विझल्या. झांकणें तेवढीं राहिलीं. दाराशेजारीं भिंतींत बसविलेली लोखंडी पट्टीही अशीच. ती बुटांचा चिखल व घोड्यांची लीद खरवडण्यासाठीं होती. घोडे गेले, पट्टी राहिली.

परंतु या सर्व अवशेषांत माझें मन अधिक गुंतलें तें पाण्याच्या दगडांत. लंडनमध्यें ठिकठिकाणीं ग्रॅनाइटच्या लांबट डोणी आढळतात. बहुतेकींत आतां फुलझाडें लावलेलीं असतात, त्यामुळें जाणाऱ्यायेणाऱ्यास ती बागेची शोभा वाटते. मात्र खालीं वाकून पाहिलें, तर कित्येक ठिकाणीं जमिनीलगत आणखी एक लहानशी डोण दिसते. वरची घोड्यांची व गुरांची. खालची कुत्र्यांची आणि मेंढ्यांची. मोत्याला तींत पाणी मिळत नाहीं, पण त्याच्या पूर्वजांची कोणीतरी आठवण ठेविली होती, हें पाहून त्याच्या धन्यास समाधान वाटतें.

ही व्यवस्था आपोआप झालेली नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनला पाणी पुरविण्याचें काम खासगी कंपन्यांकडे होतें. गरिबांच्या वाट्यास येणारें पाणी थोडें व पुष्कळदां घाणेरडें असे. १८५४ त ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या पाण्यानें पटकी पसरली, हें डॉ. जॉन स्नो यांनीं दाखवून दिलें. रस्त्यावर तहान लागली तर बहुधां दारूच्या गुत्त्याचाच आसरा. गुत्त्यापुढच्या डोणींत घोड्यास पाणी पाजावयाचें तर गाडीवानानेंही आंत जाऊन कांहीं घ्यावें, असा रिवाज. म्हणून १८५९ त सॅम्युएल गर्नी या पार्लमेंटच्या सभासदानें पुढाकार घेऊन फुकट पाणपोया बांधणारी संस्था स्थापिली. पहिली पाणपोई त्याच वर्षीं २१ एप्रिल रोजीं सेंट सेपल्कर चर्चच्या कुंपणांत उघडली. १८६७ त संस्थेनें आपल्या नांवांतच गुरांच्या डोणींचा समावेश केला. या उद्योगांत भूतदया होती, मद्यपाननिषेध होता, आणि पटकीचें भयही होतें. शुद्ध परोपकार असा इतिहासांत क्वचितच सांपडतो. पण पाणी शुद्ध होतें, आणि तें कोणासही मिळत होतें.

प्रिमरोझ हिल उतरून कालवा ओलांडला कीं रीजंट्स पार्क लागतें. त्यांतील ब्रॉड वॉक या रुंद वाटेवर या संस्थेनें उभारलेली एक भव्य पाणपोई आहे. तिचा लेख वाचतांना मुंबईचा माणूस थबकतोच, कारण देणगीदाराचें नांव आहे कावसजी जहांगीर, म्हणजे मुंबईचे रेडीमनी शेठ. मुंबई विद्यापीठाचें दीक्षान्त सभागृह ज्यांच्या नांवानें ओळखलें जातें, तेच हे. सिसिलीचा संगमरवर व ॲबर्डीनचा तांबूस ग्रॅनाइट यांची ही गॉथिक धर्तीची वास्तु १८६९ त राजकन्या मेरी यांच्या हस्तें उघडण्यांत आली. ब्रिटिश अमलाखालीं आपणांस व आपल्या पारशी बांधवांस लाभलेल्या संरक्षणाबद्दलची ही कृतज्ञता, असा लेखाचा आशय आहे. राज्यकर्त्यांच्या राजधानींत प्रजाजनानें पाणपोई बांधावी आणि तीवर आभार कोरावे, यांत त्या काळचें एक सबंध प्रकरण आलें. तरी पाणपोई घालणें हें आपल्याकडचें जुनें पुण्यकर्म. तें समुद्र ओलांडून तेथें गेलें, याचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं.

आतां टेकडीच्या उत्तरेस वळूं. किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरावर एक निळी तबकडी आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें अध्ययन करीत असतां १९२१-२२ त डॉ. भीमराव आंबेडकर या घरांत राहत होते. २०१५ त महाराष्ट्र शासनानें तें विकत घेतलें, आणि आज तेथें त्यांचें स्मारक आहे. हें घर व ती पाणपोई सकाळच्या एकाच फेरींत पाहून होतात. पण त्या दोहोंचा संबंध ध्यानांत येण्यास महाडास जावें लागतें. १९२३ त सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलांत मंजूर होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले ठरले. महाडच्या नगरपालिकेनेंही १९२४ त चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. परंतु ठराव कागदावर राहिला. त्या तळ्यावर गुरें पाणी पीत, कुत्रीं पीत. माणसाला मात्र बंदी होती. २० मार्च १९२७ रोजीं बाबासाहेबांनीं आपल्या अनुयायांसह तेथें जाऊन ओंजळभर पाणी प्राशन केलें. त्याबद्दल सत्याग्रहींस मार सोसावा लागला, तळ्याचें ‘शुद्धीकरण’ झालें, नगरपालिकेनें आपला ठराव फिरविला, आणि न्यायालयांतील वाद संपावयास १९३७ साल उजाडलें. मुंबई हायकोर्टानें तेव्हां अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल दिला.

लंडनच्या त्या दगडांत माणसाची पाणपोई वर आणि कुत्र्याची डोण खालीं. हा क्रम पाहून आपल्यास हसूं येत नाहीं, इतका तो स्वाभाविक आहे. महाडास तोच क्रम उलटा झाला होता, आणि तोही शतकानुशतकें लोकांस स्वाभाविकच वाटला. यावरून इंग्रज थोर व आपण हीन असा सोपा निष्कर्ष काढणें बरें नव्हे. ज्या राज्याचे आभार त्या संगमरवरावर कोरले आहेत, त्याच राज्यांत चवदार तळें बंद होतें. निष्कर्ष निराळा आहे. एखाद्या समाजानें माणसाची किंमत काय ठरविली होती, हें त्याच्या ग्रंथांतील वचनांपेक्षां त्याच्या पाणवठ्यावर अधिक स्पष्ट वाचतां येतें. ग्रंथांत सर्वांभूतीं समभाव सांगणें सोपें असतें. पाणवठ्यावर कोण वाकतो आणि कोण दूर उभा राहतो, हें लपवितां येत नाहीं. आपल्या गांवची विहीर, नळ, रांजण व पाणपोई यांकडे इतिहासाचीं साधनें म्हणून पाहणारा अभ्यासक आपल्याकडे निपजला, तर दप्तरांत न सांपडणारीं पुष्कळ पानें त्याला तेथें वाचावयास मिळतील.